रिव्हर्सची परीक्षा

वूस्टर, ओहायो
१२ फेब्रुवारी

ती. लोविनाताईस,
सा. न. वि. वि.

इथला बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. तुमच्याकडे माउंट होपला अजून पडतोय असं ऐकलं. घर आणि आपला पंथ सोडून पाच वर्षं झाली, तरी पत्र हवामानापासूनच सुरू होतं बघ.

आता वाईट बातमी. गाडीच्या परीक्षेत मी नापास झाले. रस्त्यावर ठीक चालवली, पण पाच दांड्यांमधून रिव्हर्स घ्यायची असते तिथे घात झाला. आपण बग्गी हाकून वाढलेल्या; घोडा मागे घेताना आपण मागे कुठे बघतो? त्याच्या कानांकडे बघतो. मीही समोर बॉनेटकडे टक लावून बसले आणि मागचा दांडा आडवा केला. परीक्षक बाईंनी विचारलं, पुढे काय दिसतंय एवढं? काय सांगणार, कप्पाळ?

मोठं माणूस पहिल्या खेपेला नापास झालं की इथे आधी कोर्स करावा लागतो. तो कॉम्प्युटरवर असतो. वृद्धाश्रमातली ड्युटी संपवून त्याच्यासमोर बसायचं, या विचारानेच अंग मोडून येतं. पण आपल्या लोकांना भाड्याने नेणारे म्हातारे डॉट्सन ईस्टरपासून गाडी बंद करणार, हे तूच कळवलंस. मग आईला डायलिसिसला कोण नेणार? मी नेईन. तू तिच्या कानावर घालून ठेव.

सर्वांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मॅलिंडा


माउंट होप
२३ फेब्रुवारी

चि. मॅलिंडास,
अनेक आशीर्वाद.

थंडी हटत नाही. दोरीवरचे कपडे फळीसारखे ताठ होतात आणि माझी बोटंही. तुझा घोड्याच्या कानांचा किस्सा एलायला वाचून दाखवला. तुझे दाजी एवढे हसले की कॉफी दाढीत गेली. म्हणाले, तिला सांग, बॉनेटवर दोन कान लावून घे.

आईच्या कानावर घातलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, पंथ सोडला म्हणून चर्चच्या मंडळीने जिला वाळीत टाकलंय तिच्या हातून काही घ्यायचं नसतं, आणि गाडीत बसणं म्हणजे घेणंच. मी म्हटलं, अगं, ती तुझ्या पोटची पोर आहे. तर म्हणाली, म्हणूनच तर सगळ्यांचं लक्ष आहे. नाताळात तू आलीस तेव्हा, वाळीत टाकलेल्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नसतं म्हणून, तिनेच दोन टेबलांत बोटभर फट ठेवून वर एकच चादर घातली होती. नियम मोडला नाही आणि तुला दूरही बसवलं नाही. पण गाडीला कुठली चादर घालायची, ते तिलाही सुचत नाही.

मागच्या आठवड्यात डॉट्सनना ताप होता. दुसरा कुणी इंग्लिश, आपल्या पंथाबाहेरचा गाडीवाला एवढ्या पहाटे यायला तयार होईना. एक खेप चुकली. आईचे पाय सुजले, आडवं पडलं की श्वास कोंडतो. खुर्चीत बसून झोपते, आणि मी शेजारच्या खुर्चीत. मी फार दमलेय गं. शिकू नकोस असं म्हणत नाही, पण आशा धर असंही म्हणवत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव.

तुझी ताई,
लोविना


वूस्टर
१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाऊस आणि वारा, दुसरं काही नाही. दाजींना सांग, कान न लावताच पास झाले. लायसन्स मिळालं. आनंद व्हायला हवा होता, पण घरी येऊन बुटांसकट झोपले.

तो कोर्स म्हणजे छळ होता. पडद्यावरचा एक हसरा माणूस प्रत्येक उत्तराला शाब्बास म्हणतो, मी पेंगत असले तरी. घड्याळ संपेपर्यंत पान पुढे सरकत नाही, आणि डोळा लागून वेळ टळली की तोच धडा पुन्हा. एका धड्यात रस्त्यावरचे धोके होते. हरीण, बर्फ, आणि मग एक बग्गी. मागून दिसणारी, काळी, लाल त्रिकोण लावलेली, आत डोक्याला काळं बॉनेट बांधलेली बाई. हा धोका दिसला तर काय कराल, असा प्रश्न. वेग कमी करा, हे उत्तर मला पाठ होतं, पण बटणावर बोट ठेवून मी रडत बसले. ती बाई कुणाची तरी आई असेलच ना.

मग कामावरच्या डार्लाने शेजारी बसून सराव करून घेतला. मान वळव, मान वळव, असं ओरडून तिचा घसा बसला. आता मान वळते, पण एकटीने मोठ्या रस्त्यावर जायचं म्हटलं की हात अजून कापतात. आणि आई बसणारच नसेल, तर मी हे सगळं कशासाठी केलं? तूच सांग, माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.

तुझी,
मॅलिंडा


माउंट होप
२७ मार्च

चि. मॅलिंडास,
अनेक आशीर्वाद.

आज ऊन पडलंय. डॉट्सनची शेवटची खेप येत्या शनिवारी आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. हात कापतात ते वाक्य आलं तसं तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, पोर एकटी चालवते? मी हो म्हटलं. संध्याकाळी जेवताना एलायच्या देखत म्हणाली, वाळीत टाकलेल्याकडून मदत घ्यायची नाही हे खरं, पण तो अडचणीत असला तर त्याला मदत करायला कुणी मनाई केलेली नाही. आपली शिकवणच आहे ती. मॅलिंडा घाबरते, तिच्या शेजारी मोठं माणूस हवं. मी बसेन. एलाय ताटात बघत राहिले. मंडळीच्या बिशपना विचारू का असं मी म्हटलं, तर म्हणाली, मदत करायला कसलं विचारायचं?

तेव्हा मंगळवारी पहाटे ये. ती तुला वूस्टरपर्यंत सोबत करणार आहे. तू कामावर असताना तिला कुठेतरी बसायला जागा हवी, आणि तिथल्या डायलिसिसच्या खुर्च्या ऐसपैस आहेत असं ती म्हणते. परतताना तू पुन्हा घाबरणारच, हेही तिने ठरवून टाकलंय.

गाडी अंगणात आणू नकोस, रस्त्यावर टपालपेटीपाशी थांब. दार तिचं तिला उघडू दे. पाय सुजलेत, चढायला वेळ लागेल, पण तू खाली उतरू नकोस आणि तिचा हात धरू नकोस. तिने तुझा धरला, तर धरू दे.

माया आहेच, ती काय लिहायची.

तुझी ताई,
लोविना