उजळणारी डबी आणि नळाचं पाणी

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीतूनच). आम्ही सगळे ठीक. तूही ठीक असशीलच, कारण दुसरं काही तू कबूल करत नाहीस.

परवा आमच्या सुनेने तिच्या प्रयोगशाळेतून तळहाताएवढी काळी डबी आणली. आतल्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा; साखर भेटली की पट्टीतला रंग निळ्या उजेडात हिरवा चमकतो. जितकी साखर तितकी चमक, आणि आकडा फोनवर. पेशंटच्या उशाशीच निकाल! पहिला मान आमच्या ह्यांना. डबी अशी लखलखली की हे पलंगावर आडवेच झाले आणि मृत्युपत्राची भाषा सुरू. सुनेचा चेहरा उतरला (बिचारीला वाटलं, डबीच बिघडली). मी ह्यांचा हात हातात घेतला तो धीर द्यायला, तर बोटं चिकट! साखरेच्या डब्यात हात घालून स्वारी तशीच तपासणीला बसली होती. हात धुऊन पुन्हा थेंब घेतला, तर रक्त अगदी सज्जन निघालं. साखरेचा डबा आता माळ्यावर आहे.

पण दादा, ती हिरवी चमक बघून मला आपल्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली. रोज सकाळी साखर बघायला आई स्पिरिटच्या दिव्यावर बाबांची लघवी त्या निळ्या औषधात उकळायची, तू चिमट्यात नळी धरायचास आणि आपण श्वास रोखून बघायचो. निळं राहिलं तर बाबा शीळ घालत ऑफिसला जायचे. विटकरी झालं की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. (त्यांच्या वाढदिवसाला तू नळीत लघवीऐवजी गुपचूप नळाचं पाणी भरलंस. निळंशार! बाबांनी दोनदा गोड मागून घेतलं. आईला सगळं कळलं होतं. ती पदराआड हसत होती.) ती खिडकी, तो वास, ती माणसं... फार आठवण येते रे.

तुझी,
धाकटी

ता. क. वहिनीचा फोन आला होता. तुला सारखी तहान लागते आणि पायाची जखम भरत नाही म्हणे. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. मला भीती वाटते. रविवारी सून डबी घेऊन तुझ्याकडे येते आहे. हात धुऊन बोट पुढे कर.

ता. क. २. सज्जन रक्तानेही डबी थोडी उजळते; नळाच्या पाण्याने मात्र उजळतच नाही. फोनवर मला अंधार दिसला, तर मी मिळेल त्या गाडीने निघेन आणि चिमट्यात तुझं बोट धरेन.