पुलावर आम्ही हसत होतो

राहुरी,
९ डिसेंबर २०२५

प्रिय मोनिका,

प्रभू येशूच्या नावात सलाम. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली, पण तबल्याला माणूस मिळेना म्हणून पास्टर हैराण आहेत. जावईबापूंचा खोकला गेला का? छोट्या एंजेलाला गोड पापा.

वीस तारखेला तू मला कायमचं पुण्याला न्यायला येतेस. खोली रंगवलीस, बाथरूममध्ये धरायला दांडीसुद्धा बसवलीस. एकाहत्तर वर्षांच्या पी.टी. मास्तरला दांडी! आधी हसू आलं, नंतर आलं नाही. येण्याआधी हे पत्र वाच. फोनवर दोनदा सांगायला गेलो. तू म्हणालीस, "पप्पा, रडू नका," आणि मी तेवढंच निमित्त धरून फोन ठेवून दिला.

मम्मी गेल्यापासून मी चालायला गेलेलो नाही. सकाळी चालणाऱ्या आमच्या मंडळातले आसाराम आणि सुनीलराव रोज दारात येऊन हाक मारतात. गुडघा धरलाय, असं मी सांगतो. गुडघा ठणठणीत आहे.

तुला माहीतच आहे, चौतीस वर्षं मी शाळेत पोरं पळवली आणि निवृत्त झाल्यावर म्हातारे पळवले. बसला तो संपला, हे माझंच वाक्य. कुणी पाटाच्या कडेला टेकला की मी त्याची अशी फिरकी घ्यायचो की बिचारा हसत हसत उठायचा. त्यांची शुगर खरंच उतरली, काठ्या सुटल्या. ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण माझी एक खोड होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी पोरं तयार करताना मी पुढे पळायचो आणि मागे वळून बघायचो नाही. मास्तर बघतोय हे कळलं की पोरगं लंगडायला लागतं. नाही बघितलं की झक मारत येतं. तालुक्याच्या ढाली मी अशाच आणल्या.

मम्मीलाही मी तसंच चालवलं.

तुला मी काय सांगितलं होतं? ती चालता चालता कोसळली, मी शेजारीच होतो, तिचा हात माझ्या हातात होता. तू म्हणालीस, "निदान तुम्ही जवळ होता, पप्पा." त्या आधारावर तू सावरलीस, हे मला दिसत होतं. आणि दुसरीकडे स्वतःला खात होतीस, की बूट मीच घेऊन दिले, रोज चाल म्हणून मीच तिच्या मागे लागले. तेही मी ऐकून घेतलं. बाप म्हणवतो आणि ऐकून घेतलं.

आता खरं सांगतो. अकरा ऑगस्टला सकाळी ती दारातच म्हणाली, "आज छातीत दडपल्यासारखं होतंय. मी नाही येत." मी म्हणालो, "रात्रीची वांगी बाधली असतील. चाललीस की मोकळं होईल." बूट तिच्या पायाशी मीच सरकवले. वाटेत पाटाकडेच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी ती थांबली. "अहो, जरा थांबा ना," म्हणाली. मला ऐकू आलं, मोनिका. ऐकूनच पुढे गेलो.

पुढे पाटाच्या पुलावर मंडळ जमलं होतं. हातपाय मोकळे करून घेतले, टाळ्या घेतल्या, शेवटी हसण्याचा व्यायाम घेतला. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. ती रुसून घरी गेली, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

परत आलो तर दूधवाला काकासाहेब रस्त्यातच मांडी घालून बसलेला आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर. ॲम्ब्युलन्सला त्याने फोन केला होता, ती अजून पोचायची होती. तो म्हणाला, "सर, आत्ताच गेल्या वो. लई हाका मारल्या त्यांनी तुमाला. मी बी मारल्या. तुमी समदे हसत हुता."

मातीच्या दिवशी काकासाहेब फाटकापाशी आला होता. "मोनिकाताईला भेटायचंय. बाई जाताना तिच्यासाटी काय तरी बोलल्या, त्ये सांगायचं हाय." तू आतच होतीस. मी म्हणालो, तिची अवस्था बरी नाही, नंतर ये. तो नंतर दोनदा आला, दोन्हीदा मी त्याला बाहेरूनच लावून दिलं. तो आत आला असता तर बाकीचंही बोलला असता. मम्मी काय म्हणाली, ते मी त्याला विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

तेव्हा वीस तारखेला आधी माझ्याकडे येऊ नकोस. दूध संकलन केंद्राच्या मागे काकासाहेबाचा गोठा आहे, सकाळी दहापर्यंत तो तिथेच असतो. तुझ्या आईचे शब्द त्याच्याकडून ऐकून घे. मला सांगू नकोस, ते माझ्यासाठी नव्हते. मग घरी यायचं की तिथूनच पुण्याला परत फिरायचं, हे तू ठरव. परत गेलीस तर मला कळवायचीही गरज नाही. संध्याकाळपर्यंत गाडी आली नाही की मी समजेन. सामान बांधलेलं नाही.

तू दिलेल्या बुटांमुळे काही झालं नाही, बेटा. तू त्यात कुठेच नव्हतीस.

आणि जे चार महिने लिहायला जमलं नाही ते लिहितो. मी तिच्याजवळ नव्हतो.

तुझा,
पप्पा