जावई घसरला ती उतरण

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला आता फक्त पहाटेच येतो, तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल कोर्टात दुभाष्याचं काम करताना माझी पंचाईत झाली. या डोंगरात आदिवासींची वस्ती कधी नव्हतीच, असं खाणवाल्यांचा वकील सांगत होता. न्यायाधीशबाईंनी जुना सरकारी नकाशा उघडला आणि आदिवासींच्या एका आजीला त्यावरच्या नावांचे अर्थ विचारले. आजी लाजली. शेवटी तिने माझ्या कानात सांगितलं आणि मला भर कोर्टात म्हणावं लागलं, "जावई घसरून पडला ती उतरण."

वकील हसला. पुढचा ओढा निघाला "जावयाने कपडे धुतले तो". त्यापुढचा खडक, "जावई रुसून बसला तो".

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, जावयाला रुसायला सासुरवाडी लागते. वस्ती होती, असं लिहून घ्या."

वकील हसायचा थांबला.

बाहेर आल्यावर आजीने माझा हात धरला. "तुझ्या गावाच्या नावाचा अर्थ काय रे?"

मला सांगता येईना. पोरक्या पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

बाबांना विचारून लवकर कळव. परवा ती पुन्हा कोर्टात येणार आहे.

तुझा,
धाकटा