जादा चाचणी

३ मार्च
लढतीच्या करारावर सही केली! जादा चाचणीला हातोडाही तयार झाला. प्रतिस्पर्ध्याला सगळे हातोडाच म्हणतात. गेल्या वर्षी त्याच्याशी लढलेल्या माणसाला अजून शर्टाची बटणं बायको लावून देते.

बॉक्सिंगचं मंडळ कोणी उत्तेजक घेतलंय का ते फक्त लढतीच्या दिवशी तपासतं. ही बाहेरची संस्था मात्र कधीही घरी येऊन रक्त घेणार. अट माझीच. प्रशिक्षक सर म्हणाले, "टरकलास की काय?" मी हसलो.

टरकलोय. इथे लिहायला कोणाची चोरी?

९ मार्च
सकाळी सहाला बेल. धाकट्या भावाने डोळे चोळत दार उघडलं अन् आत ओरडला, "दादा, तुझं रक्त प्यायला आलेत!" चाचणीवाल्या बाई हसल्यासुद्धा नाहीत. दंडाला पट्टा, दोन नळ्या, झाकणावर चिकटपट्टी, माझी सही.

मी काहीच घेत नाही. तरी त्या गेल्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली शोधून त्यावरचं बारीक अक्षर तीनदा वाचलं. आपण चोर नसलो तरी पोलीस दिसला की छाती धडधडतेच ना — तसं.

१७ मार्च
सरावात धाकट्याचा डावा ठोसा सरळ नाकावर. "लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष हातोड्याच्या उजव्या हातात आहे. जेवताना, आंघोळ करताना, सगळीकडे तो हातच दिसतो.

२६ मार्च
सरांचा फोन. माझा अहवाल स्वच्छ. हातोड्याच्या रक्तात उत्तेजक सापडलं!

मी जिन्यातच बसलो. सुटलो! — लाज वाटली, पण पहिला विचार हाच आला. मग सर म्हणाले, "लढत होणार आहे."

म्हणजे?

"मंडळ म्हणतं, ती चाचणी तुमची हौस. आमच्या नियमात नाही. आमची आम्ही त्या दिवशी करू."

त्या दिवशी! तोवर अंगातलं सगळं धुऊन निघेल. ताकद तेवढी राहील.

२७ मार्च
ही म्हणाली, "नाही म्हणून सांग. मला तू धड हवास." सर म्हणतात, लोक भित्रा म्हणतील, पुन्हा मोठी लढत मिळायची नाही. धाकटा तासभर पिशवी बडवत होता.

मग त्या चाचणीचा उपयोग काय झाला? एवढाच — आधी नुसती शंका होती. आता मला माहीत आहे.

२९ मार्च
आयोजकाच्या ऑफिसात जाऊन सांगून आलो. लढणार नाही. वाटलं होतं, आरडाओरडा करेल. त्याने फोनमधून मान वर केली नाही. "बरं. दुसरा बघतो."

व्यायामशाळेत दोघे-तिघे मला बघून गप्प झाले. झाले तर झाले! घरी आलो, महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. ही समोर बसून नुसती बघत होती. दुपारी गाढ झोप लागली.

३० मार्च
माझ्या जागी हातोड्यापुढे धाकटा उतरणार. मला न विचारता सही करून आला. वजन आमचं एकच.

"तुला भित्रा म्हणत होते, दादा. ऐकवेना मला."

त्याच्या हातातून करार ओढून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जादा चाचणीचं कलमच त्यात नाही.