आपल्यातली बरी झालेली बाई

आई, काल बेडशात मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. शाळेच्या एका वर्गात आमच्या संस्थेचं कॅन्सर तपासणी शिबिर होतं. खिडक्यांना चादरी लावलेल्या, आत डॉक्टरबाई, बाहेर व्हरांड्यात गावातल्या बायका. तू गेलीस त्या वयाच्या एक मावशी दाराशी उभ्या, आत काही येईनात. "मला काय धाड भरलीय? छाती दावायला आलेय व्हय मी हितं?" बाकीच्या हसल्या. मग त्यांनी मलाच धरलं. "तुज्या आईनं केलंय का गं हे?" मी म्हणाले, "केलंय ना. गाठ निघाली होती, पण लवकर कळलं. आता बरी आहे." मावशी पदर सावरून आत गेल्या.

"लवकर कळलं" हे शब्द वलवणच्या बंगल्यातल्या बाईंचे. शनिवारी शाळा सुटली की मी तिकडेच यायचे, तुझं काम संपायची वाट बघत. तू ओट्याशी उभी आहेस, बाईंसाठी भाताची पेज गाळतेस. औषधांनी त्यांचे केस गेलेत, तोंड आलंय, म्हणून पेजेत मीठ नावाला. "दरवर्षी तपासून घेते, म्हणून लवकर कळलं," त्या म्हणतात, आणि तू मान डोलावतेस. घरी येताना मी विचारलं, आपल्याला होतो का गं हा आजार? "न्हाई गं. मोठ्या लोकांचं दुखणं ते. आपल्याला खोकला झाला तरी लय झालं." तू स्वतःच हसलीस. तेव्हा तुझ्या काखेत गाठ होती का, मला माहीत नाही.

कळल्यावरही तू थांबलीसच. आधी लावणी होऊ दे, मग बंगल्यावरच्या पाहुण्यांचा सीझन संपू दे. बाबांच्या तोंडात चट्टा आला तेव्हा मात्र "कर्ता माणूस हाय" म्हणत तूच त्यांना लगोलग पुण्याला नेलंस. ते आज ठणठणीत आहेत. तुझं बाईंना समजलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून तुला त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "फार उशीर झाला," डॉक्टर म्हणाले, तेही बाईंना, तुला नाही. रागवायला कुणी सापडत नाही गं. मला पदवी मिळाली, घरातली पहिली, तेव्हा बाई पेढे घेऊन आल्या. एकच आजार श्रीमंताघरी लवकर सापडतो, गरिबाघरी उशिरा सापडतो आणि माणूस घेऊन जातो, असं कॉलेजात शिकवलं तेव्हा मला तुम्हा दोघींचीच, तुझी आणि बाईंची, आठवण आली. बाईंचे केस परत आले, आता पिकलेतही.

काल मावशींच्या छातीत गाठ सापडली. पुढची तपासणी मंगळवारी तळेगावला. त्या म्हणाल्या, "येते की. पर तुज्या आईला संगं आण. लय दुकतं का ते तिलाच इचारीन. तुमा पोरींना काय कळतंय?" मी हो म्हणून बसले. बाईंना नेता येईल, त्या येतीलही. पण मावशी म्हणतील, मोठ्या लोकांचं येगळं असतं. मला आपल्यातली, वेळेवर गेलेली आणि बरी झालेली बाई दाखवायची होती, आणि तशी एकही मला ठाऊक नव्हती. म्हणून तुला उभं केलं. खरं कळलं तर त्या कदाचित येणार नाहीत. तरी उद्या सकाळी जाऊन सांगणार आहे, तू कशाकशासाठी थांबलीस तेसुद्धा. त्या तयार होईपर्यंत त्यांच्या ओट्यावरून उठणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आत जाता जाता मावशींनी विचारलं होतं, "घरीच असती का आई?" मी म्हणाले, "हो, आत्ता भाकरी थापत असेल." त्याची काही गरज नव्हती, मावशी आत निघाल्याच होत्या. तेवढं मी माझ्यासाठी बोलले.