उभं ठेवलेलं स्टूल

अहविया,
१२ सप्टेंबर १९७६, रविवार

चि. आफ्रिये हिस,

अनेक आशीर्वाद. सेकोंडीला तू खुशाल असशील असं धरून चालतो. इकडे पाऊस बेताचा झाला, केळी बरी आली. शेजारचे बादूकाका आहेत तसेच, सगळ्यांच्या दारात डोकावत.

गेल्या महिन्यात स्टुलासाठी सेसेच्या झाडाचं खोड मिळालं. तोडण्याआधी झाडातल्या जीवासाठी बुंध्यावर अंडं फोडलं, ते मी चुकवत नाही. पण अर्धं कोरून झाल्यावर मध्यात केसाएवढी चीर निघाली. दुसऱ्यानं भुसा नि डिंक भरून विकलं असतं. मी फेकून दिलं. स्टूल एका खोडातून निघतं. सांधा नाही, खिळा नाही. मला कुणी शिकवलं नाही. लोकांची स्टुलं उलटी करून बघत शिकलो, म्हणून कुणाची भीड नाही.

हे मी भलतंच लिहीत बसलो.

तुझ्या आईला जूनपासून ताप यायचा. "अहो, पोरीला चार ओळी लिहा," तीनदा म्हणाली. मी म्हटलं, "आधी तिनं लिहावं. बाप मी आहे." तिसऱ्यांदा हसली. "लाकडाशी तासन्‌तास बोलाल, पोरीशी नाही."

गुरुवारी सकाळी ती गेली.

आपल्यात बाई शेवटपर्यंत माहेरच्याच कुळाची, म्हणून तुझ्या मामांनी तिला त्यांच्या घरी नेली. येत्या शनिवारी माती देणार. हे पत्र लॉरीवाल्याच्या हाती देतोय, त्याच लॉरीनं निघ.

अजून एक. चार वर्षांपूर्वी तू माझ्या पाठीमागे वाकस उचललास. तू कोरलेलं स्टूल मी सगळ्यांदेखत सरपणात भिरकावलं. "बाईचा हात लागलेलं कोण घेईल?" म्हणालो. तू त्याच आठवड्यात घर सोडलंस. आईनं ते ढिगातून काढलं, खरखरीत पानांनी घासलं आणि शेवटपर्यंत त्यावरच बसली. मी कधी वळून बघितलं नाही.

बसणारं माणूस नसलं की स्टूल आडवं करतात, म्हणून काल ते उचललं, तर सवयीनं उलटं करून पाहिलं. बैठकीखाली कोरलेल्या मधल्या गाठीचे चारही पदर दोरीनं मोजले. तळावर बोटं फिरवली. चार वर्षांत कुठे चीर नाही. चूक शोधली. पुन्हा शोधली. सापडली नाही.

मग ते आडवं करवेना. उभंच ठेवलं. बादूकाका दारातून ओरडले, "अरे द्वोमो, डोकं फिरलं काय तुझं? रिकामं स्टूल उभं? भटकं भूत येऊन बसेल त्यावर!"

"बसू दे," म्हटलं. "बसणारी ओळखीची आहे."

बादूकाका दारातूनच मागे फिरले. बादूकाका!

ते तू येऊन आडवं कर. माझा हात होत नाही.

तुझा, लिहायला उशीर केलेला बाप,
क्वाकू द्वोमो