रोगी न बघता सही

माबेला, मंगळवार, ११ नोव्हेंबर २००८

शी! अजून किळस जात नाही. नात आज चाळीस दिवसांची झाली, न्हाऊ घालताना खुदकन हसली, मी केवढी खुशीत. आणि संध्याकाळी कॉलेजात प्रवेश मिळवून देणाऱ्या एका एजंटाचा फोन. माझी सुमन इथे आखातात नर्स. रोगी तपासून स्वतः औषध लिहून देता येईल असं पुढचं शिक्षण तिला घ्यायचंय, घरून, कंप्युटरवर. एजंट म्हणे, "मॅडम, पेशंट बघायची गरजच नाही. बघितले म्हणून डॉक्टरची सही आम्ही आणतो." न बघताच सही! मेल्याला लाज नाही.

जावई म्हणाले, "बाळ लहान आहे, हेच बरं."

जावयाला उलट बोलू नये, पण बोलले. "उद्या हिला ताप आला तर असल्या सहीवर पास झालेल्या बाईकडे न्याल?"

जास्त बोलले का मी? बोलले तर बोलले.

सुमन म्हणाली, "आई, दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खरंच दवाखान्यात उभं राहायचंय. हिला कोण बघेल?"

शुक्रवारी माझं गावचं विमान. बॅगही भरलेली. "त्याला इथल्यासारखं खलास सांग, संपलं म्हणावं, आणि दुसरा फॉर्म भर," म्हटलं, आणि माझी लुगडी परत कपाटात लावली.